मोजून दिलेलं पाणी

बदरुद्दीन मामू रेल्वेत बसत नसत. मुंबईहून गावी जायचं तर आगबोटीने, आणि पावसाळ्यात आगबोट बंद असली तर एसटीने, दोन दिवस ओकत. कोल्हापूरपर्यंत रेल्वेने जाऊन तिथून घाट उतरणं किती सोयीचं पडतं, हे मी त्यांना दहा वर्षं समजावलं. ते शांतपणे ऐकून घेत आणि शेवटी म्हणत, "मुश्ताक, त्या गाडीने आमचं घर लुटलंय. तिला भाडं देऊन तिच्यात बसू?"

दुबईत सगळे त्यांना मामू म्हणत, पण खरे मामू ते एकट्या खैरुद्दीनचे. खैरुद्दीन म्हणजे त्यांची विधवा बहीण हमीदाबी हिचा मुलगा. त्याच्याबद्दल पुढे लिहावंच लागेल, आत्ता इतक्यात तोंड कडू करून घेत नाही.

मामूंचं गाव खारवली, राजापूरच्या खाडीवरचं. माझं गाव त्याच खाडीच्या पलीकडच्या काठाला. म्हणून दुबईत डेरा नावाच्या वस्तीत खारवलीकरांची जी खोली होती, तिच्यात मलाही जागा मिळाली. मामूंसकट खारवलीचे बावीस जण आणि तेविसावा मी. ते सगळे पडावांवर, म्हणजे माल वाहायच्या मोठ्या होड्यांवर, काम करायचे आणि मी त्याच मालकाच्या वखारीत मुनशी होतो. मामूंना लिहिता येत नसे, त्यामुळे हमीदाबीला जाणारी पत्रं मीच लिहायचो आणि तिची आलेली मीच वाचून दाखवायचो. सांगतोय ते ऐकीव नाही.

रेल्वेचा राग त्यांना आज्याकडून आलेला. त्यांचा आजा इद्रीस नाखवा. तीन गलबतं होती त्याची. देशावरचा गूळ, तंबाखू, हळद बैलांच्या पाठीवर अणुस्कुऱ्याच्या घाटाने खाली उतरायची, खाडीत गलबतांवर चढायची. परतीच्या बैलांवर मीठ, नारळ आणि खजूर. हा खजूर कुठला, तर याच अरबांच्या किनाऱ्यावरचा. दिवाळीनंतर घाटातून बैलांच्या गळ्यातल्या घंटा ऐकू यायला लागल्या की खारवलीतल्या बायका मोठी भांडी बाहेर काढत, कारण तांडेवाल्यांचं जेवण गावात व्हायचं. हमाल, सुतार, दोर वळणारे, तेली, सगळं गाव त्या घंटांवर जगायचं.

मग एक सर्व्हेवाला साहेब आला. त्याने आज्याला सांगितलं की रेल्वे घाट फोडून थेट तुझ्या बंदरात उतरणार, मला फक्त खाडीचं पाणी मोजून दे. आज्याने पाहुणा म्हणून त्याला दीड महिना घरात ठेवला, कोंबड्या कापल्या आणि स्वतःच्या होडीतून, शिशाचा गोळा बांधलेली दोरी टाकत, खाडीच्या तोंडापासून राजापूरपर्यंत वावावावाने, म्हणजे पसरलेल्या दोन हातांच्या मापाने, पाणी मोजून दिलं. वर दोन गलबतं विकून काठावर तीन कोठारं बांधली, रेल्वेचा माल ठेवायला.

रेल्वे आली, पण मिरजेकडून कोल्हापूरला आली आणि तिथेच थांबली. गूळ घाटाखाली उतरायचा तो उलट्या तोंडाने वर गेला आणि गाडीत बसून मुंबईला पोचला. घंटा आधी कमी झाल्या, मग एका साली आल्याच नाहीत. कोठारांत वटवाघळं राहायला आली. तांडे नाहीत म्हणून तेलीही गेला, सुतारही गेला, आणि ज्यांच्या घरी गलबतं होती त्यांची मुलं मुंबईच्या आगबोटींवर कोळसा ओढायला लागली. गावाने रेल्वेला दोष दिला नाही. रेल्वे कुणी बघितली होती? दोष दिला इद्रीस नाखव्याला, कारण पाणी त्याने मोजून दिलं होतं. म्हाताऱ्याने मरताना नातवाला एकच गोष्ट सांगितली, आपलं पाणी कुणाला मोजून द्यायचं नाही.

बदरुद्दीन तेव्हा बारा-तेरा वर्षांचे असतील. पुढे तेही आगबोटीवर गेले, आणि दुसरी मोठी लढाई संपल्यावर फिरत फिरत दुबईला उतरले. ज्या किनाऱ्याचा खजूर आज्याच्या घरी यायचा, त्या किनाऱ्यावर नातू पोटासाठी आला. मला याचा संताप यायचा. मामूंना नाही यायचा. ते म्हणायचे, खजुराची ओळख जुनी आहे, परका मुलूख वाटत नाही.

आता इथलं काम सांगतो. त्या काळी मोठी जहाजं दुबईच्या खाडीत येऊ शकत नसत. मैलभर बाहेर समुद्रात नांगर टाकून उभी राहत. माल पडावांत उतरवायचा आणि पडाव खाडीच्या तोंडातून आत आणायचे. त्या तोंडाशी वाळू. आज इथे, तर शमालचा, म्हणजे उत्तरेकडचा जोराचा वारा चार दिवस वाहिला की तिथे. पडाव वाळूवर बसला की माल भिजला समजा. मामूंचा पडाव वीस वर्षांत एकदाही बसला नाही. पुढच्या पडावावर ते उभे, हातात आज्याचीच दोरी, आणि मागून आमचे बाकीचे. अरब तांडेलसुद्धा शमालच्या दिवसांत त्यांच्या मागून यायला कमीपणा मानत नसत.

कधी कधी मुंबईहून गुळाची पोती यायची. पोत्यावर छाप नसला तरी मामू वासाने सांगत, हा कोल्हापूरचा. पोत्यावर तळहात ठेवून थोडा वेळ थांबत आणि म्हणत, "केवढा वळसा घालून आलास रे बाबा. आमच्या दारावरून आला असतास तर?" पोरं हसायची. मीही हसायचो.

खैरुद्दीनला त्यांनीच वाढवला होता. बाप गेला तेव्हा तो चार वर्षांचा. मामूंची स्वतःची बायको बाळंतपणात गेलेली, मूल राहिलं नाही, त्यांनी दुसरं लग्न केलं नाही. जे होतं ते खैरूसाठी. त्याला रत्नागिरीला ठेवून मॅट्रिक केला, टायपिंग शिकवलं, दुबईला बोलावला. पडावावर मात्र चढू दिला नाही. "याने दोरी धरायची नाही, कलम धरायची," असं म्हणायचे. खैरूने कलम धरली. सदुसष्टमध्ये नवं खोल बंदर बांधायचं ठरलं, जहाजं थेट धक्क्याला लागणार अशी बातमी आली, तेव्हा तो कंत्राटदाराच्या ऑफिसात टाइमकीपर आणि दुभाष्या होता, आणि कंपनीच्या क्वार्टरमध्ये राहत होता. शुक्रवारी तेवढा खोलीवर जेवायला यायचा.

अशाच एका शुक्रवारी, जुम्याच्या नमाजानंतर, त्याने विषय काढला.

"मामू, इंजिनिअर साहेबांना एक एक्सपर्ट पाहिजे. मशीनने पाणी मोजतायत, पण मशीन आजचं दाखवतं. वीस वर्षांत वाळू कुठून कुठे सरकली, शमालमध्ये कुठे बसते, हे रेकॉर्ड कुणाकडेच नाही. सिर्फ तुमच्याकडे आहे."

मामू भाताचा घास हातात धरून थांबले. "आणि बंदर झाल्यावर पडावांचं काय?"

"पडाव खलास," खैरू म्हणाला. लपवलं नाही, एवढं मी त्याच्या बाजूने लिहीन. "बंदर तर होणारच आहे मामू, तुम्ही मोजून द्या नाहीतर नका देऊ. पण दिलंत तर आपल्याला बोलायला जागा राहते. मी साहेबांशी बात केलीय. खारवलीचा एकेक माणूस नव्या धक्क्यावर परमनंट. विंचवर, क्रेनवर, गोदामात. बावीसच्या बावीस."

"माझ्या आज्यालाही असंच सांगितलं होतं."

"तेव्हा सांगणारा गोरा साहेब होता मामू. आत्ता मी सांगतोय."

मामूंनी तीन आठवडे होकार दिला नाही. त्या तीन आठवड्यांत खोलीतल्या सगळ्यांनी त्यांच्या मागे लकडा लावला आणि त्यात सगळ्यात पुढे मी होतो. शिकलेला ना मी. त्यांना म्हणालो की मामू, तुमच्या आज्याने परक्यावर भरवसा टाकला, इथे आपला माणूस आत बसलाय. काळ बदललाय. हे शब्द माझे आहेत.

शेवटी मामू म्हणाले, "जमातीत शब्द दे."

खारवलीची ही रीत आहे. गावात मशिदीच्या ओट्यावर जमात बसते आणि तिथे दिलेल्या शब्दाला कागद लागत नाही. कागद मागणं म्हणजे त्या माणसाच्या आईबापाचा अपमान. त्याऐवजी शब्द देणाऱ्यामागे एक वडीलधारा जामीन उभा राहतो. शब्द मोडला तर शिक्षा जामिनाला. त्याला जमातीच्या ताटावरून उठावं लागतं, आणि जोवर मोडलेला शब्द भरून निघत नाही तोवर त्याने उंबऱ्याबाहेर एकट्याने जेवायचं. रीत कठोर आहे, पण म्हणूनच गावात कुणी उगाच शब्द देत नाही. दुबईच्या खोलीतही हाच कायदा चालायचा. आम्ही चौघं चौघं एका ताटात जेवायचो, आणि त्या ताटावरून कुणी उठल्याचं मी कधी पाहिलं नव्हतं.

पुढच्या शुक्रवारी सगळे भिंतीला टेकून बसले. खैरूने डोक्यावर टोपी घातली आणि म्हणाला, "खारवलीच्या बावीस माणसांना नव्या बंदरात कायमचं काम मिळेल. माझा शब्द."

"जामीन कोण?" सगळ्यांत म्हातारा हारुन तांडेल याने रीतीप्रमाणे विचारलं.

खैरूचा बाप जिवंत असता तर तो उभा राहिला असता. मामू उठले आणि त्यांनी खैरूच्या खांद्यावर हात ठेवला. "मी."

कुणाच्याच लक्षात आलं नाही की ज्याला शब्द दिला जातोय तोच त्याचा जामीन झालाय. फसला तर फसवणूकही त्याचीच आणि शिक्षाही त्याचीच. असली चूक आमच्याच लोकांच्या हातून व्हायची. भाच्याच्या शब्दाला मामा जामीन, यात आम्हाला वावगं काहीच दिसलं नाही. उलट डोळ्यांत पाणी आलं.

वर्षभर मामू पडावाचं काम सांभाळून आठवड्यातले दोन दिवस इंजिनिअरच्या लाँचवर जायचे. दोरी टाकायचे, वाव मोजायचे, आणि खैरू शेजारी बसून इंग्रजीत उतरवून घ्यायचा. कुठल्या वर्षी कुठे पडाव घासला, कुठल्या महिन्यात पाण्याचा रंग कसा होतो, सगळं दिलं. काही म्हणजे काही हातचं राखलं नाही. एकदा मला म्हणाले, "इंजिनिअर चांगला आहे. ऐकून मान हलवतो." मग थोड्या वेळाने म्हणाले, "तो सर्व्हेवालाही मान हलवायचा म्हणे."

एकोणसत्तर उजाडलं. धक्के पुरते बांधून व्हायच्या आधीच आमच्या मालकाने वारा ओळखला आणि पडाव विकायला काढले. जूनअखेरपर्यंत काम, पुढे खलास, असं त्याने साफ सांगितलं. आम्ही घाबरलो नाही. बावीस नावांची यादी मी सुवाच्य अक्षरात लिहिली, बापाच्या नावांसकट, आणि ती घेऊन कंत्राटदाराच्या ऑफिसात गेलो. खैरू जागेवर नव्हता. भरतीचं टेबल सांभाळणारा एक केरळी कारकून होता, माझ्या वखारीतल्या ओळखीचा. त्याने यादी पाहिली आणि कीव केल्यासारखा माझ्याकडे बघत राहिला.

"मुश्ताकभाई, ये लोग का सर्टिफिकेट है? भरती तो फुल हो गया. सब आदमी बाहर से आ रहा है, एजंट के थ्रू."

"कौन एजंट?"

त्याने फाइल माझ्यापुढे सरकवली. मला इंग्रजी वाचता येतं, याचा मला त्या दिवशी पहिल्यांदा पश्चात्ताप झाला. कागदावर लिहिलं होतं की स्थानिक माहिती मिळवून देण्याच्या बदल्यात नव्या बंदराला माणसं पुरवण्याचा हक्क खैरुद्दीन याला देण्यात येत आहे. माणसं विंच-क्रेनचा दाखला असलेलीच हवीत. ही अट त्याच्या अर्जातूनच घेतली होती, तो अर्जही मागे टाचलेला होता. आमच्या माणसांकडे दाखले नाहीत हे त्याच्याइतकं दुसऱ्या कुणाला माहीत होतं? दाखलेवाली माणसं तो मुंबईहून आणणार होता. बावीस जणांचं नाव त्या फाइलीत कुठेच नव्हतं. मामूंचंही नव्हतं. 'स्थानिक माहिती', एवढंच.

मी तारीख पाहिली. ज्या शुक्रवारी त्याने टोपी घालून शब्द दिला, त्याच्या तीन दिवस आधीच्या मंगळवारची खैरूची सही होती.

त्या शुक्रवारी तो जेवायला आला. आता त्याच्याकडे गाडी होती, ती गल्लीच्या तोंडाशी उभी करून आला. मी खोलीत आधीच सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. कुणी मारामारी करेल अशी मला भीती होती, खरं सांगायचं तर आशा होती. कुणीच जागचं हललं नाही.

खैरूच बोलायला लागला. "मामू, प्रॅक्टिकली पॉसिबल नव्हतं. साहेब बोले, इन्शुरन्सला सर्टिफिकेट कंपल्सरी आहे. मी खूप ट्राय केलं. पण तुमच्यासाठी मी जागा ठेवलीय. वॉचमन, धक्क्याच्या गेटवर, बसून काम. इन्शाल्ला बाकीच्यांचंही पुढे बघू."

मामूंनी एकच प्रश्न विचारला. "शब्द दिलास तेव्हा सही झाली होती?"

खैरूने माझ्याकडे पाहिलं. नाही म्हटलं असतं तरी चाललं असतं, मामूंनी त्याच्यावरच विश्वास ठेवला असता. पण मी समोर बसलो होतो.

"झाली होती," तो म्हणाला.

मामू म्हणाले, "माझा आजा नशीबवान. त्याला परक्याने फसवलं." आवाज चढला नाही. खैरूचा चेहरा पडला, पण तो जेवायला थांबला नाही आणि वॉचमनच्या नोकरीचं पुन्हा विचारायचं धाडसही त्याचं झालं नाही. गल्लीच्या तोंडाशी त्याची गाडी सुरू झाल्याचं आम्ही सगळ्यांनी ऐकलं.

ताटं वाढली होती. हारुन तांडेलने सगळ्यांना बसायची खूण केली. मामू बसले नाहीत. त्यांनी एका ताटलीत आपला भात घेतला, वर थोडं कालवण, आणि ते उंबऱ्याबाहेर जाऊन उन्हात बसले.

मी धावलो. "मामू, हे काय? फसवलं त्याने. तुम्ही का उठता?"

"जामीन कोण होतं?"

"पण फसलेलेही तुम्हीच ना!"

"फसले बावीस जण," मामू म्हणाले. "मी त्यांचं पाणी मोजून दिलं. जा, तू जेव, भात गार होतोय."

मी हारुन तांडेलकडे पाहिलं. बाहेर बसलेल्या मामूंकडे पाठ करून तो रडत होता, पण आत या असं म्हणाला नाही. म्हणू शकत नव्हता. रीत बरोबर होती. मला त्या दिवशी त्या रीतीची, त्या खोलीची, माझ्या स्वतःच्या शिकलेपणाची इतकी चीड आली की मी ताट तसंच ठेवून उठलो. ज्याने शब्द मोडला त्याला कंपनीच्या क्वार्टरमध्ये पंख्याखालच्या ताटावरून कोण उठवणार होतं? आमचा कायदा ज्याला आमची गरज आहे त्यालाच लागू पडतो, आणि खैरूला आता आमची गरज उरली नव्हती.

पुढचे सगळे दिवस, म्हणजे काम संपेपर्यंत, मामू उंबऱ्याबाहेर जेवले. जाण्याच्या आदल्या जुम्याला त्यांनी खोलीतल्या सगळ्यांकडून एक शब्द मागून घेतला. खैरूने काय केलं हे खारवलीत कुणी बोलायचं नाही, हमीदाच्या कानावर तर मुळीच नाही. तिला एकच मुलगा आहे, असं म्हणाले. यावेळी जामीन कुणी विचारला नाही. बाकीच्या एकवीस जणांनी शब्द दिला, मीही दिला.

जुलैत सगळे निघाले. ऐन पावसाळा, कोकणची आगबोट बंद. बंदरावर निरोप देताना मी मामूंना म्हटलं, एसटी आधी ठरवून ठेवा.

"रेल्वेने जाईन," ते म्हणाले. "कोल्हापूरहून घाट उतरेन. तिच्यावर रुसायचा हक्क आज्याला होता. मी आता कुठल्या तोंडाने रुसू?" आणि आज्याची ती दोरी, शिशाच्या गोळ्यासकट, त्यांनी माझ्या हातात दिली. घरी न्यायची नाही म्हणाले.

दोन महिन्यांनी हमीदाबीचं पत्र आलं. यावेळी पहिल्यांदाच माझ्या नावावर, कुणा शाळामास्तराकडून लिहून घेतलेलं. ते अजून माझ्याजवळ आहे. मजकूर असा:

'मुश्ताकभाई यांस सलाम. भाईजान घरी सुखरूप आले. पण आल्यापासून जेवायला आत येत नाहीत. ताट घेऊन ओट्यावर बसतात, पाऊस असला तरी. मी पाया पडले, तरी उठत नाहीत. त्यांच्याबरोबर आलेल्या सगळ्यांना विचारलं. एकवीस जणांत एकही तोंड उघडत नाही. भाईजानच्या हातून तिकडे असा काय गुन्हा घडला, ते तुम्ही तरी लिहा. बहीण आहे मी, ऐकून घेईन. आता तिकडे आपलं नाव राखायला माझा खैरू तेवढा उरलाय. त्याला म्हणावं, मामूला दोन ओळी लिही. तुझा शब्द ते मोडणार नाहीत.'

मी उत्तर लिहायला तीनदा बसलो. आजवर लिहिलं नाही.